आवतण आले की निघायचे

नागपूरहून भंडाऱ्याकडे निघालेला महामार्ग मौद्याला कन्हान ओलांडतो. एका अंगाला औष्णिक वीजकेंद्राच्या चिमण्या, खाली नदीचे रुंद वाळवंट, आणि पुलावरून रात्रंदिवस चालणारे ट्रक. धाब्यावर चहा पीत नंबरप्लेटी वाचत बसलेल्या माणसाला छत्तीसगडचे, ओडिशाचे आणि बरेचसे ‘डब्ल्यूबी’चे, म्हणजे पश्चिम बंगालचे ट्रक दिसतात. जुनी माणसे अजून याला ‘सहा नंबरचा हायवे’च म्हणतात. रायपूर, संबलपूर, खरगपूर करत तो थेट कोलकात्याला जातो.

अठराव्या शतकात नागपूरच्या एका घराण्याचा पैसा, सैन्य आणि महत्त्वाकांक्षा याच दिशेला धावत होती. त्या घराण्याचा कर्ता पुरुष म्हणजे पहिले रघुजी भोसले. नागपुरात त्यांच्या नावाने नगर आहे, महालात वाडा आहे, शाळेच्या पुस्तकात चार ओळी आहेत. बंगालमध्ये मात्र त्यांचे नाव फारसे कुणाला माहीत नाही. तिथे माहीत आहे ते त्यांच्या घोडेस्वारांचे नाव, आणि तेही अंगाईतून. रडणाऱ्या पोराला झोपवताना ‘बर्गी’ आल्याची भीती घालणारी बंगाली अंगाई आजही आया गातात. तो ‘बर्गी’ म्हणजे आपला बारगीर.

रघुजींची सारी कारकीर्द नीट तपासली तर एक गंमत हाती लागते. हा माणूस आपणहून कुठे गेला असे क्वचितच दिसते. जिथे गेला तिथे त्याला कुणीतरी बोलावले होते. विधवा राणीने बोलावले, रुसलेल्या कारभाऱ्याने बोलावले, बंडखोर सरदाराने बोलावले, एकदा तर एका नवाबाच्या मुलाने स्वतःच्याच मेहुण्याविरुद्ध बोलावले. आमच्याकडे वैदर्भी बोलीत जेवणाच्या निमंत्रणाला ‘आवतण’ म्हणतात. रघुजींना आलेली आवतणे राज्याराज्यांच्या घरभांडणातून येत. ते जात, भांडण मिटवत, दक्षिणा घेत. आणि पुष्कळदा परत निघायचे विसरत.

भोसल्यांचे हे कूळ साताऱ्याकडच्या देऊरचे. शिवाजी महाराजांच्या घराशी आडनाव एक, नाते दूरचे. कुळाचे नशीब उघडले ते परसोजी भोसल्यांच्या काळात. 1707 साली औरंगजेब मेला आणि मोगलांच्या छावणीत लहानाचा मोठा झालेला संभाजीपुत्र शाहू सुटून दक्षिणेकडे निघाला. शाहूंच्या चुलती ताराबाईंनी अफवा उठवून दिली की हा शाहू नव्हेच, कुणी तोतया आहे. सरदार चुळबुळत होते. खऱ्याच्या बाजूने जायचे तर खरा कोणता ते कळले पाहिजे. परसोजी वऱ्हाड-खानदेशच्या बाजूने फौजेसह येऊन शाहूंना मिळाले आणि त्यांनी वाद एका कृतीने संपवला. ते शाहूंच्या ताटात जेवले. परक्या, संशयित माणसाच्या ताटात भोसले हात घालणार नाही, हे साऱ्या छावणीला ठाऊक होते. त्याचे बक्षीस म्हणून परसोजींना ‘सेनासाहेबसुभा’ हा किताब मिळाला, आणि वऱ्हाड व गोंडवनाची चौथाई वसूल करण्याचा हक्कही. हे ताट लक्षात ठेवावे. चाळीसेक वर्षांनी ते पुन्हा मांडले जाणार आहे.

परसोजींनंतर किताब त्यांचा मुलगा कान्होजी याच्याकडे आला. आजच्या यवतमाळ जिल्ह्यातले भाम हे त्याचे ठाणे. कान्होजीला बरीच वर्षे मूल नव्हते, म्हणून नात्यातल्या बिंबाजीचा पोरका मुलगा रघुजी त्याच्याकडे वाढला. वारस म्हणून वाढला असेही म्हणता येईल. मग कान्होजीला मुलगा झाला, आणि घरात रघुजीचे पान एकदम मागच्या पंगतीला गेले. तरुण रघुजी भाम सोडून निघाला. काही काळ एलिचपूरच्या नवाबाकडे, काही काळ देवगडच्या गोंड राजाकडे त्याने चाकरी केली. थोड्या घोड्यांनिशी नोकरी शोधत फिरणारा होतकरू शिलेदार, एवढीच तेव्हा त्याची किंमत. ही भटकंती मात्र वाया गेली नाही. देवगडच्या दरबारात कोण कुणाचा, कुणाचे कुणाशी वाकडे, हे त्याने आतून पाहून ठेवले.

शेवटी तो साताऱ्याला पोचला. शाहू महाराजांना शिकारीचे वेड आणि रघुजी शिकारीत तरबेज. दोघांचे जमले. इतके जमले की महाराजांनी आपल्या शिर्के घराण्यातल्या राणीच्या नात्यातली मुलगी रघुजींना दिली. साडू झाल्यावर वजन वाढायचेच. दरम्यान कान्होजीने साताऱ्याशी बिनसवून घेतले होते. हुकूम मोडून तो भामला निघून गेला. त्याला वठणीवर आणायला पाठवायचे कुणाला? घरचा माणूस रघुजी तयारच होता. 1730 च्या सुमारास त्याने कान्होजीला गाठून पकडले, साताऱ्याला धाडले, आणि सेनासाहेबसुभा हा किताब स्वतःकडे घेतला. ज्याने वाढवले त्यालाच कैद केले, असा बोल लावणारे तेव्हाही असतील. रघुजींनी त्याची पर्वा केल्याचे दिसत नाही.

किताब मिळाला म्हणजे नेमके काय मिळाले, हे आजच्या वाचकाला सांगायला हवे. शेती, सातबारा, मालकी असे काहीच त्यात नसते. शाहू महाराजांचा कागद एवढेच म्हणतो की अमुक मुलखाच्या वसुलातला चौथा हिस्सा, म्हणजे चौथाई, आणि वर दहा टक्के सरदेशमुखी मराठ्यांची आहे. ती सेनासाहेबसुभ्याने गोळा करावी आणि त्यातून फौज बाळगावी. मुलूख दुसऱ्याच्या ताब्यात, त्यावर दुसऱ्याचा सुभेदार, आणि त्यातला हिस्सा मात्र याचा. कागद खरा करायचा तर घोड्यावर बसावे लागे. वऱ्हाडात तर निजामाचे आणि भोसल्यांचे असे दोन्ही कमाविसदार एकाच गावात वसुलाला येत. त्याला ‘दोअमली’ म्हणत. पाटलाने दोघांचीही उठबस करायची आणि कुणब्याने दोघांनाही भरायचे.

दूर विलायतेतही त्याच काळात जमीन, तलवार आणि राजकारण एकाच मुठीत धरणारी माणसे होती. इंग्लंडच्या पश्चिमेला लागून असलेल्या वेल्समध्ये सर वॉटकिन विल्यम्स विन हा उत्तर वेल्सचा सर्वांत बडा जमीनदार, पार्लमेंटचा सभासद आणि गादीवरच्या हॅनोव्हर राजाचा उघड विरोधक. 1749 च्या सप्टेंबरात तो शिकारीला गेला असताना घोड्यावरून पडून मेला. त्याच्याच नावाच्या नातवाने 1794 मध्ये स्वतः एक घोडदळ पलटण उभारली. पुढे तिला आयर्लंडचे बंड मोडायला पाठवले गेले. रघुजी या वेल्श जमीनदारांच्या पंगतीला बसवता येतील, फक्त एका बाबतीत नाही. विनची जमीन कायद्याने त्याची होती. तो दरबारात हरला तरी त्याचा खंड चुकत नव्हता. रघुजींचे उत्पन्न फौजेवर आणि फौज उत्पन्नावर उभी. दोन्हींपैकी एक थांबले की दुसरे कोसळणार. दसऱ्याला शिलंगण करून फौज बाहेर काढायची, पावसाच्या आत परतायचे, आणि परतताना तिचा पगार तिने स्वतःच मिळवून आणलेला असला पाहिजे. या मुलूखगिरीला मोहीम म्हणावे की फिरता धंदा, हा प्रश्न बंगालच्या वाचकाने विचारला तर आपण रागावू नये.

पहिले मोठे आवतण आले देवगडहून. आज मध्य प्रदेशच्या छिंदवाडा जिल्ह्यात असलेला देवगडचा किल्ला ही गोंड राजांची राजधानी होती. तिथल्या बख्त बुलंद शहाने 1702 च्या सुमारास बारा वाड्या एकत्र करून नागपूर वसवले. त्याचा वारस चांद सुलतान याने शहराला तट घातला, तलाव बांधला. आज आपण ज्याला शुक्रवारी तलाव किंवा गांधीसागर म्हणतो तो हाच. म्हणजे नागपूरचा पाया गोंडांचा आहे, भोसल्यांचा नव्हे. नागपुरातही हे पुन्हा पुन्हा सांगावे लागते.

1730 च्या दशकाच्या अखेरीस चांद सुलतान वारला आणि बख्त बुलंदाचा अनौरस मुलगा वलीशहा गादी बळकावून बसला. चांद सुलतानाची विधवा रतनकुंवर हिने आपल्या मुलांसाठी, बुऱ्हाणशहा आणि अकबरशहा यांच्यासाठी, रघुजींना हाक मारली. या दरबारात एकेकाळी चाकरी केलेला माणूस आता सेनासाहेबसुभा होता. तो धावून आला, वलीशहाचा निकाल लावला, मुलांना गादीवर बसवले. राणीने त्याला आपला तिसरा मुलगा मानले आणि मुलाचा वाटा म्हणून राज्याचा हिस्सा दिला, असे सांगतात. मोबदला घेऊन तो वऱ्हाडात परतला. इथवर सगळे रीतीला धरून झाले.

पुढे दोघा सख्ख्या भावांत बिनसले. 1743 मध्ये थोरल्या बुऱ्हाणशहाने धाकट्याविरुद्ध पुन्हा रघुजींनाच बोलावले. अकबरशहा हैदराबादेकडे पळाला आणि तिकडेच संपला. या वेळी तिसरा मुलगा परत गेला नाही. नागपूर त्याचे झाले, देवगड त्याचे झाले. बुऱ्हाणशहाचे डोके मात्र त्याने उडवले नाही, की त्याला कैदेत टाकले नाही. नागपुरातल्या किल्ल्यात त्याला मानाने ठेवले, वसुलातला ठरलेला वाटा दिला, ‘राजा’ हा शब्दही त्याच्याकडेच राहू दिला. भोसले सेनासाहेबसुभा, राजा मात्र गोंडच. रघुजींच्या राजकारणातला हा सर्वांत मुरब्बी डाव म्हणावा लागेल. छत्रपतींच्या नावाने चौथाई आणि गोंड राजाच्या नावाने राज्य: दोन धन्यांच्या सावलीत तिसऱ्याचे बस्तान बसले. त्यांच्या पदरी कोष्टी, कुणबी, मराठे, ब्राह्मण कारकून अशी माणसे पश्चिमेकडून येऊन वसली आणि गोंडांच्या नागपूरची बोली हळूहळू मराठी होत गेली. रामटेकच्या गडावरच्या राममंदिराचा जीर्णोद्धारही देवगडच्या विजयानंतर केलेल्या नवसाचा, अशी आठवण त्या बाजूला सांगतात.

देवगडच्या या दोन आवतणांच्या मधल्या काळात रघुजी थेट कावेरीकाठी जाऊन आले होते. 1740 मध्ये फत्तेसिंह भोसल्यांबरोबर कर्नाटकच्या मोहिमेवर असताना 20 मे रोजी दामलचेरीच्या खिंडीत त्यांनी अर्काटच्या नवाबाला, दोस्तअलीला, गाठले. नवाब लढाईत पडला. त्याचा मुलगा सफदरअली याने तह केला आणि आतून आणखी एक सौदाही केला: आपला डोईजड मेहुणा चंदासाहेब त्रिचनापल्लीत बसला आहे, त्याला उचला. मराठे निघून गेल्यासारखे मागे सरले, चंदासाहेबाने बेसावधपणे किल्ल्यातला धान्यसाठा विकून टाकला, आणि मराठे उलटून आले. मार्च 1741 मध्ये त्रिचनापल्ली पडली. चंदासाहेब कैदी होऊन मराठी मुलखात आला आणि सात-आठ वर्षे इथेच राहिला.

याच मोहिमेतला एक किस्सा फ्रेंच इतिहासकार मिटक्या मारत सांगतात. चंदासाहेबाचा जनाना पाँडिचेरीत फ्रेंचांच्या आश्रयाला होता. रघुजींनी गव्हर्नर द्युमाकडे त्यांची आणि खंडणीची मागणी केली. द्युमाने नकार दिला; वकिलाला आपल्या तोफा, गोदामे, कवायती शिपाई सगळे हिंडून दाखवले, आणि निरोपाबरोबर फ्रान्सच्या नांत शहरातल्या गोड मद्याच्या दहा बाटल्या भेट पाठवल्या. त्या रघुजींच्या घरातल्या बाईंना फार आवडल्या. आणखी हव्यात असा हट्ट सुरू झाला. शत्रूकडे बाटल्या मागायच्या तर धमकीची भाषा कशी चालेल? बाटल्या आल्या, वेढा राहून गेला. किश्शात तिखटमीठ किती ते सोडून द्या. द्युमाच्या तोफा पाहून आलेल्या वकिलाचे बोलणेच बहुधा जास्त पटले असावे. पाँडिचेरी वाचली एवढे खरे.

इकडे पुण्या-साताऱ्यात पाणी पुलाखालून गेले होते. एप्रिल 1740 मध्ये थोरले बाजीराव वारले. त्यांच्या कोवळ्या मुलाला, बाळाजीला, पेशवेपद मिळू नये म्हणून रघुजींनी बारामतीच्या बाबूजी नाईकांचे नाव पुढे केले. शाहूंनी ऐकले नाही. जूनमध्ये बाळाजी पेशवा झाला. त्या दिवसापासून नागपूर आणि पुणे यांच्यात जे वितुष्ट आले ते पुढे मराठेशाही बुडेपर्यंत मिटले नाही.

आणि मग बंगाल. 1740 मध्येच अलीवर्दीखानाने आपल्या धन्याच्या मुलाला लढाईत मारून बंगाल, बिहार, ओरिसाची सुभेदारी घेतली होती. हरलेल्या पक्षातला मीर हबीब नावाचा इराणी कारभारी सूड शोधत नागपूरकरांकडे आला. मुलूख श्रीमंत, सुभेदार नवा, घरभेद्या हजर. रघुजींनी आपला दिवाण भास्करराम कोल्हटकर यास पाठवले. 1742 च्या एप्रिलमध्ये मराठी घोडदळ बर्दवानला जाऊन थडकले. मे महिन्यात मुर्शिदाबादेत शिरून त्यांनी जगतशेठची पेढी लुटली. कटव्याला तळ पडला. भास्करपंतांनी तिथे थाटात दुर्गापूजा मांडली. ऐन पूजेत अलीवर्दीने नदी ओलांडून छापा घातला आणि पूजा अर्धी टाकून पळावे लागले.

कलकत्त्यातल्या इंग्रजांची तर गाळण उडाली. रहिवाशांनी वर्गणी-कर्ज काढून शहराभोवती खंदक खणायला घेतला. सात मैलांचा बेत होता, तीनेक मैल खणून झाला. मराठे आलेच नाहीत. पुढे तो खंदक बुजवून त्यावर सर्क्युलर रोड झाला, आणि बागबाजारात मराठा डिच लेन नावाची गल्ली आजही आहे. नागपूरच्या माणसाची वाट पाहत खणलेला खड्डा, एवढेच तिचे मूळ.

पश्चिम बंगालच्या खेड्यांना खंदक नव्हते. तिथे जे झाले ते गंगाराम नावाच्या कवीने ‘महाराष्ट्र पुराण’ या काव्यात त्याच सुमारास लिहून ठेवले आहे, आणि ते वाचताना मराठी वाचकाला मान वर करता येत नाही. गावे जाळली, पैसा दाखवत नाही म्हणून माणसे छळली, बायकांवर अत्याचार झाले. तुतीच्या बागा आणि रेशमाचे माग ओस पडले, लोक भागीरथी ओलांडून पूर्वेकडे पळाले. बारगीर म्हणजे ज्याला घोडा आणि हत्यार सरकार देते तो स्वार. स्वतःचे घोडे आणणारा तो शिलेदार. पगार थकलेला, घोडा मालकाचा, मुलूख परका: असा स्वार खेड्यात शिरला की काय होते ते बंगालने दहा वर्षे पाहिले. आपल्याकडच्या इतिहासकारांनी याचे समर्थन करताना अलीवर्दीने थकवलेली चौथाई पुढे केली. चौथाईचा हिशेब सुभेदाराशी होता, रेशीम विणणाऱ्याशी नव्हता.

1743 मध्ये रघुजी जातीने बंगालात उतरले. तेवढ्यात बादशहाच्या सांगण्यावरून त्यांना हुसकायला दुसरी मराठी फौज आली, खुद्द पेशव्यांची. पेशव्यांनी प्लासीजवळ अलीवर्दीची भेट घेतली, बावीस लाख रुपये ठरवून घेतले, आणि आपल्याच राज्याच्या सेनासाहेबसुभ्याचा पाठलाग करून त्याला डोंगरापार घालवले. बंगालच्या रयतेने त्या वर्षी दोन मराठी फौजा पोसल्या. शेवटी 31 ऑगस्ट 1743 ला शाहू महाराजांनी दोघांना समोर बसवून वाटणी करून दिली: माळवा, आग्रा, अजमेर, अलाहाबाद पेशव्यांकडे, बंगाल, बिहार, ओरिसा, अयोध्या भोसल्यांकडे. यातले बरेचसे अजून दुसऱ्यांच्याच ताब्यात होते.

भास्करराम पुढच्या वर्षी पुन्हा बंगालात गेला. आता आवतण देण्याची पाळी अलीवर्दीची होती. खजिना रिता, फौज थकलेली. त्याने तहाची बोलणी लावली. त्याचा अफगाण सेनापती मुस्तफाखान आणि हिंदू कारभारी जानकीराम हे दोघे भास्करपंतांकडे गेले. एकाने कुराणाची, दुसऱ्याने गंगाजळ-तुळशीची शपथ घेतली, असे सांगतात. 31 मार्च 1744. मनकरा गावी मोठा शामियाना उभारला होता. भास्करपंत वीस-बावीस सरदारांसह आत आले. खुशालीचे शब्द झाले, खाणाखुणा झाल्या, आणि कनातींमागे दडवलेली माणसे तुटून पडली. एकही सरदार वाचला नाही. मागे तळावर राहिलेला रघूजी गायकवाड तेवढा उरलेली फौज घेऊन निसटला.

याच्या पुढचे कुणा कादंबरीकाराने लिहिले असते तर अतिशयोक्ती वाटली असती. मुस्तफाखानाला या कामगिरीबद्दल बिहारची सुभेदारी कबूल केली होती. ती मिळेना. तो चिडून बंड करून उठला, आणि 1745 मध्ये मदतीसाठी बोलावणे पाठवले कुणाला, तर रघुजींना. ज्याच्या शपथेवर विसंबून आपला दिवाण मेला त्याचेच आवतण! रघुजी निघाले. त्यांनी ओरिसा गाठला. तिथला अलीवर्दीचा अंमलदार होता दुर्लभराम, म्हणजे गंगाजळाची शपथ वाहणाऱ्या जानकीरामाचा मुलगा. तो हाती लागला. रघुजींनी त्याला मारले नाही; कैदेत ठेवून दंड वसूल केला आणि मग सोडला. सूडापेक्षा रोकड बरी, हा हिशेब त्यांच्या साऱ्या आयुष्यात दिसतो. कटकचा बाराबाटी किल्ला आठवडेच्या आठवडे झुंजला आणि अखेर पडला. मुस्तफाखान मात्र रघुजी येऊन मिळण्याआधीच लढाईत मारला गेला.

सहा वर्षे आणखी अशीच ओढाताण चालली. म्हातारा अलीवर्दी दर वर्षी घोड्यावर बसून कंटाळला, मराठेही दमले. 1751 मध्ये तह झाला. ओरिसाचा कारभार मीर हबीबाकडे आणि वसूल भोसल्यांच्या फौजेला. बंगालच्या चौथाईपोटी वर्षाला बारा लाख रुपये. आणि मराठ्यांनी सुवर्णरेखा नदी ओलांडायची नाही. मीर हबीबालाही फार दिवस मिळाले नाहीत. पुढच्याच वर्षी हिशेबाच्या वादात रघुजींच्या मुलाच्या, जानोजीच्या, माणसांनी त्याला संपवले. ओरिसा मात्र 1803 पर्यंत नागपूरचाच राहिला. जगन्नाथपुरीच्या देवळाची व्यवस्था नागपूरहून नेमलेले सुभेदार पाहत, आणि सिंहद्वारासमोरचा अरुणस्तंभ कोणार्कहून आणून तिथे उभा केला गेला तो मराठ्यांच्याच अमदानीत. एकाच फौजेची बर्दवानमध्ये एक आठवण आणि पुरीत दुसरी.

आता ते ताट. डिसेंबर 1749 मध्ये शाहू महाराज निपुत्रिक वारले. रघुजींची आशा होती की आपला मुलगा मुधोजी दत्तक घेतला जाईल. राणीकडून नाते होते, प्रयत्नही झाले होते. ते जमले नाही. ताराबाईंनी आपला नातू म्हणून रामराजा पुढे आणला; हा इतकी वर्षे लपवून वाढवला होता असे त्यांचे म्हणणे. चाळीस वर्षांपूर्वी शाहूला तोतया ठरवणारी बाई आता स्वतःच अनोळखी तरुण आणून हा भोसला आहे म्हणत होती. रघुजींनी अट घातली: ताराबाईंनी भोसले भाऊबंदांसमोर रामराजासह एका ताटात जेवावे आणि त्या अन्नाची शपथ घेऊन सांगावे की हा माझा नातू. परसोजींनी ज्या खुणेने घराण्याचे भाग्य उघडले तीच खूण त्यांनी मागितली. ताराबाई जेवल्या, शपथ घेतली. रघुजी मान डोलावून गप्प बसले आणि पेशव्यांकडून बंगालच्या सनदा पक्क्या करून घेऊन नागपूरला परतले. वर्ष सरायच्या आत ताराबाईंचे नातवाशी फाटले, त्यांनी त्याला साताऱ्याच्या किल्ल्यात कोंडले आणि हा माझा नातू नव्हेच म्हणून जाहीर केले. साऱ्या भाऊबंदांसमोर खाल्लेला घास असा वाया गेला.

14 फेब्रुवारी 1755 रोजी रघुजी नागपुरात वारले. तोवर छत्तीसगडचे रतनपूर आणि दक्षिणेचे चांदा त्यांच्या पदरात पडले होते. मागे चार मुलगे: जानोजी, मुधोजी, साबाजी, बिंबाजी. वयाने थोरला जानोजी, पण मुधोजी थोरल्या राणीचा. भांडणाला एवढे कारण पुष्कळ होते. इतकी वर्षे दुसऱ्यांच्या घरातल्या वारसांच्या भांडणांवर पोसलेल्या घरात तेच भांडण शिरले. जानोजी निपुत्रिक वारल्यावर मुधोजी आणि साबाजी एकमेकांवर उठले, आणि 26 जानेवारी 1775 ला नागपूरजवळ, उमरेडच्या वाटेवरच्या पाचगावला समोरासमोर आले. साबाजीची सरशी होत होती. मुधोजी हत्तीवर घेरला गेला होता. साबाजी आपला हत्ती पुढे घालून भावाजवळ आला, तेव्हा मुधोजीने गोळी झाडून त्याला अंबारीतच ठार केले. गादी मुधोजीच्या मुलाची, जानोजीला दत्तक दिलेल्या दुसऱ्या रघुजीची झाली.

किल्ल्यातला गोंड राजा हे सारे शांतपणे पाहत असावा. प्रथा अशी होती की भोसल्यांच्या गादीवर नवा धनी बसायचा झाला की वाड्यातून किल्ल्यात आवतण जाई, बुऱ्हाणशहाचा वंशज येई, आणि नव्या सेनासाहेबसुभ्याच्या कपाळाला आपल्या हाताने टिळा लावून परत जाई.